सोयाबीनच्या तेलावर चाललेलं इंजिन

मोहाडीच्या आठवडी बाजारातून तहसील कचेरीकडे वळण्याआधी डाव्या हाताला ईश्वर मिस्त्रीचं दुकान लागतं. दुकान म्हणजे काय, तर पुढे टिनाचं छप्पर, मागे एक अंधारी खोली आणि मधल्या जागेत पोट उघडून ठेवलेली इंजिनं. कुठलं पाण्याच्या पंपाचं, कुठलं धान भरडायच्या हालरचं, कुठलं मळणीयंत्राचं. पूर्ण नाव ईश्वर सेलोकर. पण सेलोकर म्हणून कोणी हाक मारली तर तो स्वतःसुद्धा मान वर करणार नाही. आजूबाजूच्या गावांना तो मिस्त्री म्हणूनच माहीत.

माणसाचा कान मोठा पक्का. शेतकरी सायकलवरून उतरायच्या आत बोलू लागायचा, की इंजिन असा असा आवाज करते, अन् मिस्त्री हातातलं काम न सोडता म्हणायचा, "नोझल थुंकून राहिला." बहुतेक वेळा तसंच निघायचं. त्याचं एक बोलणं तर त्या भागात म्हणीसारखं झालेलं होतं. कोणी येऊन इंजिनाला, कंपनीला, नाहीतर शेजाऱ्याला शिव्या घालू लागला की तो म्हणायचा, "आधी फिल्टर उघडाचं, मंग तोंड." डिझेलच्या इंजिनाचे अर्धे रोग गाळणीत सापडतात, हे त्याला उस्तादानं शिकवलं होतं आणि ते त्यानं कधी सोडलं नव्हतं.

त्याला एकच पोर, दामिनी. लहानपणी ती दुपारी बापाचा डबा घेऊन दुकानात यायची आणि संध्याकाळपर्यंत घरी जायचं नाव घ्यायची नाही. तिची आई मंदाबाई ओरडायची, की पोरीच्या फ्रॉकाला ग्रीस, केसांत ग्रीस, उद्या हिला करून कोण घेईल? मिस्त्री हसायचा. पोरगी नुसती बसायचीही नाही, डोकं खायची.

"बाबा, धूर काळा काहून निघते?"

"डिझेल अर्धवट जळते म्हणून."

"मंग पूर्ण काहून नाही जळत?"

"ते तुह्या मास्तरले विचार."

बहुधा तिनं विचारलंच असावं. कारण बारावीनंतर पोरीनं हट्टानं बी. एस्सी. धरली, तीही रसायनशास्त्राची, आणि रोज एसटीनं भंडाऱ्याला जाऊ-येऊ लागली. शेवटच्या वर्षी एके दिवशी ती परत आली ती घरी न जाता सरळ दुकानात. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली काढली आणि बापाच्या नाकापुढे धरली.

"वास घ्या."

"गोडं तेल आहे," मिस्त्री म्हणाला.

"होतं गोडं तेल. सोयाबीनचं. आता इंजिनाचं आहे."

मिस्त्रीनं बाटली हलवून पाहिली. तेल पिवळं होतं, पण तेलासारखं हलत नव्हतं. डिझेलसारखं भरभर हलत होतं. तो बोटांना लावून चोळू लागला.

"पातळ कसं झालं? रॉकेल मिळवलं का?"

दामिनी हसली. हात पुसायच्या सुताच्या गुंड्यातून तिनं तीन धागे उपसले आणि तिघांची टोकं एका मुठीत धरली. म्हणाली, "हे पाहा. तेलाचा एक एक कण असा असते. तीन लांब शेपट्या, अन् त्याहिले धरून ठेवणारी एक मूठ. म्हणून तेल घट्ट. असंच इंजिनात टाकलं तं काय होईल?"

"नोझल चिकटन. आतमंधी कोळसा धरन."

"बरोबर. आता त्याच्यात मेथॅनॉल टाकाचं, अन् थोडासा कॉस्टिक सोडा. पाच लिटर तेलाले एक लिटर मेथॅनॉल. सोड्यानं मूठ सुटते. शेपट्या मोकळ्या झाल्या का तेल पातळ. अन् ही मूठ म्हणजे ग्लिसरीन. ते जड असते, खाली बसते. वरचं काढून घ्याचं, पाण्यानं धुवाचं, पाणी निथळू द्याचं. झालं बायोडिझेल."

तिनं मूठ उघडली, धागे तीन दिशांना पडले. मिस्त्री त्या धाग्यांकडे पाहतच राहिला. एवढी वर्षं त्यानं इंजिनं उघडली, पण तेल कधी उघडून पाहिलं नव्हतं.

पुढचे काही महिने म्हणजे बाप-लेकीच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले महिने, असं मंदाबाई आजही म्हणते. सेलोकरांची एक एकर भरडी जमीन होती, तिथं धान होत नाही म्हणून सोयाबीन टाकायचे. त्यातलं थोडं तुमसरच्या तेलघाणीवर नेऊन तेल काढून आणलं. तेल निघालं ते थोडंच, सोयाबीनमध्ये तेल असतंच मुळात पाचवा हिस्सा, आणि घाणीतून तेवढंही येत नाही. पण ढेप, म्हणजे पेंड, भरपूर आली आणि ती शेजारच्या म्हशीवाल्यानं हसत नेली. उरलेली तूट बाजारातल्या आलूबोंडेवाल्याकडून भरून निघाली. त्याचं काळं पडलेलं तेल दामिनी घेऊन यायची, गाळायची, त्यातलं पाणी उडून जाईस्तोवर तापवायची. बोंडेवाल्यालाही नवल वाटलं, फेकायचं तेल कोणी डब्यात भरून नेतं म्हणून.

दुकानाच्या मागच्या खोलीत पत्र्याच्या डब्यात पहिला घाणा झाला. दुसऱ्या दिवशी डब्यात खाली चहाच्या चोथ्याच्या रंगाचं जाडसर बसलेलं आणि वर पिवळं स्वच्छ. मिस्त्रीनं ते स्वतः चाचणीच्या जुन्या इंजिनात ओतलं. हँडल मारलं. इंजिन सुरू झालं. तो कान देऊन उभा राहिला. नेहमीची ठोकर, ती आतली खटखट, कमी झाली होती. धुराड्यातून निघणारा धूर असा पातळ, की पलीकडच्या दुकानाची पाटी वाचता यावी. आणि वास? कोणाच्या घरी सणाच्या पुऱ्या निघत असाव्या तसा वास. समोरचा चहावाला रस्ता ओलांडून आला.

"मिस्त्री, काय तळून राहिले जी?"

"इंजिन," मिस्त्री म्हणाला, आणि तिघंही हसले.

पण मिस्त्री मुळात शंकेखोर. संध्याकाळी दुकान आवरताना त्यानं पोरीला विचारलं, "सगळंच चांगलं कसं असन? काही तं खोट असनच ना?"

"आहे ना," ती म्हणाली. "बाजारातून नवं तेल आणून केलं तं परवडत नाही. वापरलेलं तेल पायजे, नाहीतं घरचं सोयाबीन. डिझेलपेक्षा थोडं जास्त लागते. जुने रबरी पाइप मऊ पडतात, ते बदलावे लागतात. अन् हे तेल धुणारं आहे, बाबा. टाकीत वर्षानुवर्षांचा जो गाळ बसला असते, तो सगळा सोडवून घेऊन येते. म्हणून जुन्या इंजिनाले पहिल्या खेपेले फिल्टर बदलावं लागते. दोनदा, तीनदा."

"हूं," मिस्त्री म्हणाला.

"पण फायदा पाहा ना. काळा धूर कमी. गंधक जवळजवळ नाहीच. पंपाच्या आतल्या भागाले ओशटपणा मिळते, म्हणजे घासणं कमी. डब्यात साठवलं तं डिझेलसारखं लवकर पेट घेत नाही, धोका कमी. धानाच्या बांधीत सांडलं तं मातीतले जीव खाऊन टाकतात, तळ्यात सांडलं तं मासोळ्याहिले तेवढा त्रास नाही. अन् सोयाबीन वाढताना हवेतून जे घेते, बरंचसं तेच धुरातून परत जाते. जमिनीच्या पोटातलं नवं काही बाहेर येत नाही."

मिस्त्री हूं हूं करत पाने पुसत होता. ऐकत होता, पण त्याचं मन त्या आवाजात होतं, ठोकर कमी झालेल्या इंजिनाच्या आवाजात. गिऱ्हाईक आलं की तो डबा उघडून वास द्यायचा, सांगायचा, "माह्या पोरीनं केलं." चहावाल्याला सांगितलं, सायकलवाल्याला सांगितलं, बसस्टँडवर सांगितलं. फक्त पोरीला कधी म्हणाला नाही, की पोरी, लय मोठं काम केलं तू. बापानं असं तोंडावर बोलायचं नसतं, असं त्याला वाटायचं. आणि बोलायला आयुष्य पडलंय, असंही.

दामिनीच्या डोक्यात मात्र पुढचं सगळं तयार होतं. नागपूरला एम. एस्सी. करायची, आणि परत येऊन मागच्या खोलीत नीट भट्टी बांधायची. भरडी जमिनीवाल्यांचं सोयाबीन, बोंडेवाल्यांचं तेल, ढेप ढोरांना, तेल पंपांना. मिस्त्री ऐकून घ्यायचा. त्याच सुमाराला मंदाबाईच्या भावानं दुर्गचं एक स्थळ आणलं होतं. मुलगा कारखान्यात नोकरीला, घर चांगलं. मिस्त्री म्हणाला, थांबा, पोरगी शिकून राहिली.

उन्हाळी धानाचे दिवस आले. लाईटचा भरवसा नसतो, म्हणून पुष्कळ शेतकरी नदीकाठी डिझेल पंप लावून बसलेले. त्यातले एक यादोराव. मिस्त्रीचं जुनं गिऱ्हाईक, तोंडानं फटकळ पण मनानं बरं. एके दिवशी ते स्वतःच म्हणाले, "मिस्त्री, तुह्या पोरीचं तेल मलेही दे. पाहू तं खरं." मिस्त्रीनं फुगून मोठी कॅन भरून दिली. दामिनी कॉलेजात होती. यादोरावांचं इंजिन जुनाट, टाकी त्याहून जुनी. फिल्टरचं त्यांना सांगायचं राहून गेलं.

तीन-चार दिवस गेले आणि बाजाराच्या दिवशी, ऐन गर्दीत, दुकानापुढे एक टेम्पो येऊन थांबला. मागे यादोरावांचं इंजिन. यादोराव उतरले ते ओरडतच.

"मिस्त्री! काय पाजलं तू माह्या इंजिनाले? धान पोटरीत आहे, बांधीले भेगा पडून राहिल्या, अन् हे मरून पडलं!"

माणसं थांबली. भाजीवाल्या उभ्या राहून पाहू लागल्या. कोणीतरी मागून म्हणालं, "पोरीनं बोंड्याचं तेल पाजलं म्हणते!" आणि हशा पिकला. मिस्त्रीचा चेहरा लाल झाला. एवढ्या वर्षांत त्याच्या दुकानापुढे त्याला कोणी हसलं नव्हतं.

मागच्या खोलीतून दामिनी बाहेर आली. तिच्या हातात पाना होता. "काका, बंद पडताना कसं पडलं? एकदम, का दम तोडत तोडत?"

"तू नोको विचारू! तुह्यापायीच झालं हे!"

"बाबा," ती वळून म्हणाली, "फिल्टर पाहा. मी सांगतलं होतं ना, जुन्या टाकीचा—"

"गप राय!"

मिस्त्री इतक्या जोरात ओरडला, की हसणारेही गप्प झाले. "तुह्या नादी लागून मी येडा झालो. आयुष्यभराचं नाव माहं आज मातीत गेलं. चार बुकं शिकली तं बापाले इंजिन शिकवते काय? जा, घरी जा!"

दामिनीनं हातातला पाना ओट्यावर ठेवला, ओढणीनं हात पुसले आणि गर्दीतून वाट काढत निघून गेली. इंजिन समोर टेम्पोत होतं. चार नट खोलायचे, एवढंच काम. पण मिस्त्रीनं पान्याला हात लावला नाही. चाळीस माणसांसमोर पोरीच्या सांगण्यावरून गाळणी उघडायची, हे त्याला त्या क्षणी अगदी अशक्य वाटलं. यादोराव तरी कशाला थांबतात? "तुह्याच्यानं होत नाही," म्हणाले, आणि टेम्पो बसस्टँडपलीकडच्या निकेशच्या गॅरेजकडे नेला. निकेश तेव्हा नवा होता, नुकतंच दुकान टाकलेला पोरगा. तेही मिस्त्रीला झोंबलं.

त्या संध्याकाळी मिस्त्रीनं घरी येऊन पाणी मागितलं आणि घोट घ्यायच्या आधीच म्हणाला, "दुर्गच्या लोकाहिले हो म्हणून सांग."

"तिले विचारलं का?" मंदाबाई म्हणाली.

"तिले काय विचाराचं?"

आतल्या खोलीत दामिनी होती. तिनं ऐकलंच असणार. ती बाहेर आली नाही. परीक्षा झाली, चांगल्या मार्कांनी पास झाली, आणि पुढच्या लग्नसराईत तिचं लग्न झालं. जायच्या आधी तिनं मागच्या खोलीतले डबे स्वतः घासून पालथे घातले होते. मेथॅनॉलची शिल्लक बाटली कॉलेजात परत देऊन आली होती. रडारड अशी तिनं केली नाही. पाया पडून "येतो, बाबा" म्हणाली, आणि मिस्त्रीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हातही घाईचा होता, कारण गाडीचा ड्रायव्हर हॉर्न मारत होता.

त्यानंतर सहा-सात वर्षं गेली. फोन यायचा तो आईला. कधी मिस्त्रीनं उचलला तर "जेवले का बाबा?" "जेवलो." "आई आहे का?" एवढंच. मिस्त्रीला वाटायचं, पोरी सासरी गेल्या की अशाच होतात. त्यानं आपली समजूत घातली होती, की पोरीचं नुकसान झालं नाही, उलट वेळीच सावरलं. बापानं कठोर व्हावं लागतं कधी कधी. दुकान पूर्ववत चालू झालं. लोक विसरले. काळा धूर निघत राहिला आणि मिस्त्रीला खोकला लागला, पण तो विड्यांचाही असेल.

मग एका हिवाळ्यात एका इंजिनाचं फ्लायव्हील काही केल्या निघेना. चाक ओढून काढायचा मिस्त्रीचा पुलर मोडला होता. दुसरा होता निकेशकडे. एवढ्या वर्षांत तो निकेशच्या गॅरेजात पाय ठेवायला गेला नव्हता. त्या दिवशी गेला. निकेश आता चांगला बाप्या झाला होता, हाताखाली दोन माणसं. त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, आणि बोलता बोलता म्हणाला, "काका, ते सोयाबीनचं तेल बनवणं काहून बंद केलं तुम्ही? चांगली गोष्ट होती."

मिस्त्री कडवट हसला. "चांगली? यादोरावाचं इंजिन तूच तं दुरुस्त केलं ना?"

"मी काय दुरुस्त केलं? काहीच नव्हतं झालं त्याले. फिल्टर चोंदलं होतं. असा काळा गाळ, शेणासारखा. टाकीतला जुना. मी टाकी धुतली, नवं फिल्टर बसवलं, अन् लावलं."

"अन् तेल? तेल फेकलं ना?"

"कायले फेकू? त्याच तेलावर चालवलं. कॅनमंधी उरलेलं सगळं यादोरावानं वापरलं. धान निघेस्तोवर इंजिनानं कुरकुर नाही केली. लय मऊ चाले जी." निकेशनं चहाचा कप पुढे केला. "तुमाले माहीत नाही काय?"

मिस्त्रीनं चहा घेतला नाही. पुलरही विसरला. तिथून तो सरळ यादोरावांच्या घरी गेला. यादोराव अंगणात उन्हाला बसले होते. आता थकले होते, कानांनी कमी ऐकत होते. मिस्त्रीनं विचारलं तसं त्यांनी मान हलवली.

"हो ना. चाललं त्याच्यावरच. फिल्टरच होतं ते."

"मंग मले एका शब्दानं सांगतलं नाही?"

यादोरावांच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. "तू विचारलंच नाही, मिस्त्री. मीही लाजलो होतो, बाजारात तमाशा केला म्हणून. मनलं, जाऊ दे. मंग पोरीचं लग्नच झालं. आता त्यात काय सांगाचं?"

मिस्त्री पायी घरी आला. मंदाबाई अंगणात सुपानं तांदूळ पाखडत होती. तो तिच्यापुढे पायरीवर बसला आणि म्हणाला, "फिल्टर होतं."

तिला आधी कळलं नाही. त्यानं सगळं सांगितलं. सूप थांबलं. पण मंदाबाईला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"तिनं तं तेव्हाच सांगतलं होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी घरी येऊन मले म्हणाली, आई, बाबानं फक्त फिल्टर पाहावं. मी बाकी काही म्हणत नाही."

"मंग तू काहून नाही बोलली मले?"

"तुमी बोलू देत होते काय?"

मिस्त्रीनं डोकं धरलं. आता त्याला ते सगळंच आठवू लागलं. दुकान आवरताना ती सांगत होती, दोनदा, तीनदा बदलावं लागते. आणि आपण हूं म्हणालो होतो. गर्दीत ती तेच सांगत होती. परक्या माणसाच्या इंजिनाला आपण जो न्याय आयुष्यभर दिला, तो पोटच्या पोरीला दिला नाही. तिच्या बाबतीत आपण फिल्टर न उघडताच तोंड उघडलं.

पुढचा महिनाभर तो वेड्यासारखा मागच्या खोलीत बसू लागला. त्या सालचं भरडीचं सोयाबीन त्यानं विकलं नाही, घाणीवर नेलं. पहिल्या वेळी तेलात पाणी राहिलं असावं, सगळा डबा साबण होऊन बसला, चमच्यानं खरवडावा असा. दुसऱ्यांदा सोडा जास्त झाला. त्याला वाटलं, आता पोरीला फोन करून विचारावं. फोन हातात घेऊन तो ठेवून द्यायचा. तिसऱ्यांदा मात्र सकाळी डबा उघडला तर खाली चोथ्याच्या रंगाचं आणि वर स्वच्छ पिवळं. त्यानं धुतलं, निथळू दिलं, इंजिनात ओतलं, हँडल मारलं. तोच आवाज. रस्त्यापलीकडून चहावाला धावत आला. "मिस्त्री, दामिनी आली काय?" त्याला वासानंच वाटलं होतं.

मिस्त्री दुकानाच्या आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

त्या दिवशी त्यानं फोन केलाच. दामिनी स्वयंपाकात होती. मागे कुकरच्या शिट्ट्या.

"पोरी, तेल झालं. इंजिन चाललं त्याच्यावर."

"कोणतं तेल, बाबा?" मग तिला आठवलं. "हो काय? बरं झालं. मेथॅनॉल जपून वापरजा. हातमोजे घालजा, अन् दार उघडं ठेवजा, त्याची वाफ चांगली नसते." मग म्हणाली, "आईचे गुडघे कसे आहेत?"

ज्यासाठी फोन केला होता ते त्याच्या तोंडातून निघालं नाही. म्हणून दोन दिवसांनी त्यानं भंडारा रोड स्टेशनवरून गाडी पकडली आणि दुर्गला गेला. आयुष्यात पहिल्यांदा लेकीच्या घरी काही कामाशिवाय, सणावाराशिवाय.

दामिनी दोन खोल्यांच्या घरात होती. जावई ड्यूटीवर, सासू शेजारी भजनाला. बापाला दारात पाहून ती घाबरली, आईला काही झालं की काय म्हणून. मग बसवलं, पाणी दिलं, कढई ठेवली. भरलेल्या वांग्यांची फोडणी देता देता ती बोलत होती, आणि मिस्त्री तिच्या हातांकडे पाहत होता. हात आईसारखे झाले होते.

"दामिनी," तो म्हणाला, "यादोरावाचं इंजिन. फिल्टरच होतं ते. तुहं तेल चांगलं होतं. चुकी माही होती."

तिचा झारा हलत राहिला. "मले माहीत आहे, बाबा."

"निकेशनं सांगतलं काय तुले?"

"नाही. मले तेव्हाच माहीत होतं."

"मंग भांडली काहून नाही? मले शिव्या दिल्या असत्या..."

ती वळली. रागाची एक रेघ नव्हती तिच्या चेहऱ्यावर. कोणी जुन्या गावाची वाट विचारावी आणि आपण आठवून सांगावं, तशी ती म्हणाली, "मले वाटलं होतं, तुमी राती उठून जाल, पाहून याल. तुमाले चैन नसते पडत, माहीत होतं ना मले. दोन-चार दिवस वाट पाहली मी. मंग नाही पाहली."

मिस्त्री म्हणाला, "अजूनही शिक ना. मी बोलतो जावयाशी. खोली तशीच आहे. भट्टी बांधू. तू सांग, मी करतो."

"आता नाही, बाबा. ते सगळं डोक्यातून गेलं. आता कोणी विचारलं, किती तेलाले किती मेथॅनॉल, तं सांगता नाही येणार मले."

"पाचाले एक," मिस्त्री म्हणाला.

"हो काय?" ती जराशी हसली. "तुमच्या लक्षात आहे." आणि गॅस बारीक करून म्हणाली, "हात धुवा. गरम आहे तोवर जेवायले बसा."

तो जेवला. तिनं आग्रह करून दुसऱ्यांदा भात वाढला. आईसाठी गुडघ्याला लावायचं तेल दिलं, जावयाच्या नोकरीचं सांगितलं, स्टेशनपर्यंत सोडायला आली, गाडी सुटेपर्यंत उभी राहिली. लेकीनं बापाचं जे जे करायचं असतं ते सगळं तिनं केलं. कुठंच काही कमी नव्हतं.

आता मिस्त्री दर साली घरचं सोयाबीन घाणीवर नेतो आणि थोडंसं तेल करतो. धंदा असा काही नाही. दोघे-तिघे शेतकरी डिझेलमध्ये पाचवा हिस्सा मिसळून नेतात, त्यांना तो आधी टाकी धुवायला लावतो, हातात फिल्टर देऊनच कॅन देतो. कोणी विचारलं कुठं शिकले, तर सांगतो, माह्या पोरीनं शिकवलं. लोक म्हणतात, हुशार असन पोरगी, काय करते? तेव्हा तो दुर्गला दिली एवढंच सांगतो आणि कामाला लागतो.

त्या दिवशी दुर्गहून परत आला तेव्हा दिवेलागण झाली होती. मंदाबाई दारातच होती.

"काय म्हणाली?"

"चांगली आहे. तुह्या गुडघ्याले तेल दिलं."

"ते नाही विचारून राहिली मी. तुमी बोलले ना तिच्याशी? रागावली काय?"

"नाही."

"मंग चांगलंच झालं की."

मिस्त्री चपला काढून खाटेवर बसला.

"रागावली असती तं बरं झालं असतं, मंदा," तो म्हणाला.

मंदाबाई आत गेली आणि चुलीवरचं पाणी उतरवून त्याच्या अंघोळीसाठी बादलीत ओतू लागली.